घड्याळजीची नोंद

कालमापनाची विद्या आपणांस यंत्राबरोबरच मिळाली, असे नव्हे. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे सरली. अशा ६० घटिकांचा एक अहोरात्र. लग्नमुहूर्तासाठी मांडलेले घटिकापात्र वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. त्याच्याजवळ मात्र कोणीतरी लक्ष ठेवून बसावे लागे. चावीचे घड्याळ आले आणि हा राखणदार बदलला. आता घरोघरच्या वेळेची काळजी बाजारातील घड्याळजीकडे आली.

मनगटी घड्याळातील चक्र सामान्यतः सेकंदास पाच वेळा हेलकावते. तेल वाळले वा धूळ शिरली की त्याची गती बिघडते. म्हणून काही वर्षांनी घड्याळ पूर्ण उकलावे, प्रत्येक भाग धुवावा, माणकांच्या छिद्रांत सुईच्या अग्राएवढे तेल द्यावे आणि पुन्हा जुळवावे लागे. भाग मिळाला नाही, तर कसबी कारागीर तो घडवीतही असे.

१९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. तिचे 'जनता' घड्याळ आमच्या वडिलांच्या मनगटावर होते. त्यांच्या पश्चात आम्ही ते उघडविले, तेव्हा झाकणाच्या आतील बाजूस सुईने कोरलेल्या तारखा दिसल्या : १९६८, १९७२, १९७७, १९८१, १९८६. प्रत्येकीपुढे दुरुस्ती करणाऱ्याची खूण होती. आम्ही जन्मभर सरकारी फायलींतील टिपणे वाचली. इतके नेमके टिपण क्वचितच पाहिले. आपण काय केले, हे पुढच्या कारागिरास कळावे, एवढाच त्या नोंदीचा हेतू.

१९८६ नंतर खूण नाही. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. पुढे ती घड्याळे स्वस्त झाली आणि दुरुस्ती सेल बदलण्यापुरती उरली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला.

आपल्या घराण्यांचे किती कागद वाळवीने खाल्ले, हे आपण जाणतोच. घड्याळजींचा इतिहास तर कोणी कागदावरही उतरविला नाही. तो झाकणांच्या आत आहे. म्हणून विनंती एवढीच की, कपाटातले बंद घड्याळ भंगारात देण्यापूर्वी जाणकाराकडून एकदा उघडवावे आणि आतील तारखा वहीत उतरवून ठेवाव्यात.