दृष्टिक्षेत्र : रुग्णाचे आणि जीवाश्माचे

काचबिंदूचा संशय आला की मीरा-भाईंदरमध्येही, इतर शहरांप्रमाणेच, रुग्णाला एका पांढऱ्या अर्धगोलापुढे बसवतात. नजर मध्यबिंदूवर खिळवायची आणि कडेला ठिपका लुकलुकला की हातातली कळ दाबायची. या तपासणीचा वैद्यकीय इतिहास बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांच्यापासून, म्हणजे 1856 पासून, मोजतात. 1889 च्या सुमारास कोपनहेगनच्या यानिक ब्येरुम यांनी आपल्या तपासणीच्या खोलीचे दारच पडदा म्हणून वापरले आणि काचबिंदूत दृष्टी कमानीच्या आकारात हरवते, हे दाखवून दिले. आजच्या अर्धगोलाचे प्रमाणित रूप 1945 मधले, बर्नच्या हान्स गोल्डमान यांचे.

आम्हां साहित्याच्या अध्यापकांना यात भावते ती साक्षीची परीक्षा. प्रत्येक डोळ्यात एक नैसर्गिक अंधबिंदू असतो. यंत्र मधूनच नेमक्या त्या जागी ठिपका टाकते. तो 'दिसला', तर रुग्णाची नजर ढळली आहे असे समजायचे! आत्मचरित्रे वाचताना अशी सोय कुठली?

मात्र साक्षीदार बोलूच शकत नसेल तर? युअन क्लार्कसन यांनी 1966 मध्ये सिल्युरियन काळातील ट्रायलोबाइटांचे, म्हणजे नामशेष सागरी संधिपादांचे, दृष्टिक्षेत्र आखले. या प्राण्यांची नेत्रभिंगे कॅल्साइटची, म्हणून ती दगडात टिकली. एकेका भिंगाचा अक्ष कोणत्या दिशेला जातो ते मोजून त्यांनी नकाशा काढला: आडवा दूरवर पसरलेला, उंचीला मात्र अरुंद पट्टा. प्राणी कुठे पाहू शकत होता ते यातून कळते. त्याला काय दिसले, हा प्रश्न वेगळा, आणि वाङ्मयेतिहासात या दोहोंची गल्लत आपण सर्रास करतो असे आमचे मत आहे. लेखकाच्या काळाची माहिती म्हणजे त्याचा अनुभव नव्हे.

घोडबंदरच्या टेकड्यांत ट्रायलोबाइट शोधण्यात अर्थ नाही. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हे प्राणी 25 कोटी वर्षांपूर्वीच संपले. त्यासाठी हिमालयातील स्पितीला जावे लागते. तिथे हेडन यांनी गोळा केलेल्या कॅम्ब्रियन जीवाश्मांचे वर्णन रीड यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केले. पण त्या काळच्या बहुतेक ट्रायलोबाइटांत डोळ्याचा दृष्टिपृष्ठभाग कात टाकताना वा मृत्यूनंतर गळून पडे. डोक्यावर डोळ्याची जागा दिसते, भिंगे नाहीत. तिथे क्लार्कसन यांची रीतही थांबते.