दिनविशेष, १३ सप्टेंबर : भावोजी घरी आले

तेव्हाच्या अल्फा मराठी, म्हणजे आजच्या झी मराठी वाहिनीवर १३ सप्टेंबर २००४ रोजी ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम सुरू झाला. सूत्रसंचालक आदेश बांदेकर ‘भावोजी’ म्हणून घरी येत, गृहिणीला ‘वहिनी’ म्हणत, लग्नाची गोष्ट हळूच काढून घेत, सासूबाईंनाही बोलतं करत. मग सोपे, गमतीचे खेळ आणि जिंकणारीला पैठणी! सामान्यज्ञान लागत नसे की चकचकीत स्टुडिओ. बैठकीची खोली पुरे. खरा खेळ गप्पांचाच होता. २०२२च्या ‘महामिनिस्टर’ पर्वात पैठणी ११ लाखांची झाली. घरगुतीपणा मात्र थोडा हरवला. त्याच वर्षी कार्यक्रमाने निरोप घेतला.

सातारा-सांगलीकडे तो काही संपलेला नाही. गणपती, नवरात्र, हळदीकुंकू आलं की कराड, वाई, मिरज, तासगावात ‘खेळ पैठणीचा’चे फलक लागतात. निवेदक ‘भावोजी’ होतो, आज्जींपासून नव्या सुनांपर्यंत सगळ्या मैदानात उतरतात. नाट्यपंढरी सांगलीच्या प्रेक्षकांना रंगमंचाचं भय ते काय! निवडणुका जवळ आल्या की आयोजक वाढतात, आणि पैठण्याही.