लेखन एक, विद्यार्थी अनेक

महाविद्यालयांत सर्वांना एकाच सांच्याचें लेखन शिकवावें, कीं विद्यार्थ्याची पूर्वतयारी व पुढील कार्य पाहून तें निराळें असावें? सातारा-सांगलीचा शैक्षणिक इतिहास या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो.

१९१९ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें सांगली-मिरजेच्या दरम्यान विलिंग्डन महाविद्यालय स्थापिलें. त्या काळीं उच्च शिक्षणाचें माध्यम इंग्रजी. निबंधाचा कसहि त्याच भाषेंत लागे. त्याच वर्षीं कऱ्हाडजवळ काले येथें भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. संस्थेनें साताऱ्यास १९३५ मध्यें अध्यापक-विद्यालय व १९४७ मध्यें छत्रपति शिवाजी महाविद्यालय काढलें. ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळें शेतकऱ्यांचीं मुलें तेथपर्यंत पोंचलीं.

ज्याच्या घरीं पुस्तक नाहीं, त्याला निबंधाआधीं वाक्यरचनेचा आधार हवा. भावी शिक्षकास फळ्यावरील नेमकें लेखन हवें. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास भागधारकांना पत्र लिहितां आलें पाहिजे.

मात्र मार्ग निराळे असले तरी मुक्काम एकच हवा. शेतकऱ्याच्या मुलास अर्ज लिहिण्यापुरतें शिकवून विचारप्रधान निबंध इतरांसाठीं राखून ठेवणें, म्हणजे पंगतीस बोलावून अर्ध्या पानावरून उठविणेंच होय. वेगळेपण आरंभीं असावें, शेवटीं नसावें.