लघु, गुरू आणि मौन : तारसंकेतांची भाषिक बाजू

तारायंत्राचे ऱ्हस्व-दीर्घ संकेत पाहताच भारतीय अभ्यासकाला छंदःशास्त्रातील लघु-गुरू आठवणे स्वाभाविक आहे. हे साम्य मात्र वरवरचे आहे. छंदात गुरू लघूच्या दुप्पट असतो. आंतरराष्ट्रीय मोर्स संकेतात दीर्घ ऱ्हस्वाच्या तिप्पट. त्याहून मूलगामी भेद असा की, लघु-गुरू हे उच्चाराचे माप आहे, तर मोर्स संकेताची लांबी लिखित वापरावरून ठरली. वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारमार्ग १८४४मध्ये सुरू झाला. त्यासाठी मोर्स व त्यांचे सहकारी आल्फ्रेड वेल यांनी छापखान्यातील खिळ्यांचे प्रमाण विचारात घेतले. इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या 'ई'ला म्हणून एकच ऱ्हस्व संकेत मिळाला.

मौनाचे कार्यही वेगळे आहे. यतीने अक्षर बदलत नाही. मोर्समध्ये मात्र ऱ्हस्व व दीर्घ सलग आल्यास 'ए' होतो. मध्ये तीन ऱ्हस्वांइतके मौन पडल्यास 'ई' आणि 'टी' ही दोन अक्षरे होतात.

भारतात कोलकाता-डायमंड हार्बर तारमार्ग १८५१मध्ये सुरू झाला. रोमन लिपीतून जाताना मराठीचा 'त'-'ट' भेद पुसला जाई. 'वात' आणि 'वाट' यांची तार एकच. देवनागरी तारा १९४९मध्ये आल्या. तारसेवा जुलै २०१३मध्ये संपली. तटस्थ भासणारी संकेतव्यवस्थाही एका विशिष्ट भाषेच्या सवयींवर उभी असते, हे तौलनिक अभ्यासात ध्यानी घ्यावे लागते.