ठिणगीची वेळ

2008 सालची गोष्ट. इंग्लंडात असताना मी एक 1979 ची रेंज रोव्हर घेतली. साडेतीन लिटरचं व्ही-8 इंजिन, आधीच्या मालकाने एलपीजीवर केलेलं. (काका म्हणाले, "भंगारच घ्यायचं होतं तर कुर्ला काय वाईट होतं?" काका, वाचताय ना?)

इंजिन मूळचं अमेरिकन ब्युइकचं, 1961 चं. रोव्हरने त्याचे हक्क 1965 साली घेतले. ठिणगीची पद्धत त्याहून म्हातारी: चार्ल्स केटरिंगची, 1910 च्या कॅडिलॅकमधली. पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. पण तो हिशोब पेट्रोलचा. गॅसला कमी वेगात ठिणगी जरा आधी हवी, आणि जोरकस हवी. नाहीतर भडका इनटेकमध्येच! मोटरवेवर एकदा असा बार उडाला की बायकोने महिनाभर गाडीत पाऊल ठेवलं नाही.

मग तीन रविवार गॅरेजात. क्रँकच्या पुलीवर 36 पैकी एक दात गाळलेलं चाक, भंगारातल्या फोर्डच्या कॉइल आणि पेटी, वर एक चिमुकला संगणक. वेग आणि भार पाहून किती अंश आधी, तो तक्ता मी लॅपटॉपवर भरायचा. संगणक बंद पडला तरी फोर्डची पेटी 10 अंशांवर ठिणगी देत राहते, गाडी घरी पोचते. हे घरात तीनदा समजावलं, तेव्हा कुठे बाईसाहेब बसल्या.

डिस्ट्रिब्युटर मात्र काढता आला नाही. त्याच्याच दांड्यावर ऑइल पंप फिरतो. आतलं सगळं काढलं, वर झाकण ठोकलं, आणि तो नुसताच फिरत राहिला.