व्हिक्टोरियाकालीन रहस्यकथा

व्हिक्टोरियाकालीन रहस्यकथा हा राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीतील (१८३७–१९०१) इंग्लंडच्या पार्श्वभूमीवर घडणाऱ्या गुप्तहेरकथांचा प्रकार आहे. त्या काळात लिहिल्या गेलेल्या कथांबरोबरच, नंतरच्या लेखकांनी तो काळ निवडून लिहिलेल्या कादंबऱ्यांचाही यात समावेश होतो.

पार्श्वभूमी

लंडनच्या महानगर पोलीस दलात १८४२ साली गुप्तहेर शाखा सुरू झाली. १८६० साली विल्टशायर परगण्यातील रोड या गावी एका सुखवस्तू कुटुंबातील लहान मुलाचा खून झाला. तपास अधिकारी जोनाथन व्हिचर यांनी मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर संशय घेतला. सामान्य स्तरातील पोलिसाने प्रतिष्ठित घरातील मुलीवर आरोप करावा, हे समाजाला रुचले नाही व व्हिचर यांच्यावर कठोर टीका झाली. १८६५ साली तिने गुन्ह्याची कबुली दिली. या प्रकरणातील काही तपशिलांचे पडसाद विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीत उमटले आहेत. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात प्रसिद्ध झालेल्या आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सकथांनी या प्रकाराला अफाट लोकप्रियता मिळवून दिली.

लोकप्रियतेची कारणे

स्कॉटलंड यार्डमध्ये बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ साली, राणीच्या मृत्यूनंतर सुरू झाला. त्यामुळे या कथांतील गुप्तहेराची भिस्त मुख्यतः निरीक्षण व तर्क यांवर असते. बुटावरचा चिखल, सिगारची राख, हस्ताक्षर असे पुरावे वाचकालाही समजण्याजोगे असतात. मात्र होम्सच्या अनेक कथांत महत्त्वाचे धागे शेवटपर्यंत वाचकापासून दडवलेले आढळतात.

धुके, गॅसचे दिवे व घोडागाड्या यांनी वातावरण रंगते. परंतु कथेतील खरा ताण सामाजिक असतो. बंद दारांआड जपलेली घराण्याची अब्रू आणि ती दारे उघडण्याचा गुप्तहेराचा अधिकार यांतील संघर्ष तिच्या केंद्रस्थानी असतो. गुन्हेगार सापडून व्यवस्था पुन्हा प्रस्थापित होते, तरी तोवर त्या घराचे ढोंग उघडे पडलेले असते.

भारताचे चित्रण

‘द मूनस्टोन’मधील हिरा १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेला आहे, तर डॉयल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) या कादंबरीचे मूळ आग्र्याच्या खजिन्यात आहे. त्यामुळे इंग्रजी घरातील गुन्ह्याचा माग साम्राज्यातील लुटीपर्यंत पोहोचतो.

नंतरचे लेखन

पीटर लव्हसी व ॲन पेरी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या काळावर कादंबरीमालिका लिहिल्या. मराठीत भालबा केळकर यांनी होम्सकथांचे अनुवाद केले.