पत्र्याचा माणूस आणि कोल्हापूरचा कॅमेरा

१/ कोडोलीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापून, रिव्हेट मारून, निव्वळ हाताने धातूचा यंत्रमानव उभा करता येईल काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु यंत्रमानवाच्या इतिहासाची पहिली पाने अशाच जागी लिहिली गेली आहेत. आज ती उलगडू आणि तेथून आपल्या कोल्हापूरकडे येऊ.

२/ ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला चेक नाटककार कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने. ते १९२० साली प्रसिद्ध झाले. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगार. गंमत अशी, की नाटकातले रोबोट धातूचे नव्हतेच! ते रासायनिक प्रक्रियेने घडवलेले, हुबेहूब माणसासारखे मजूर होते.

३/ मग हे धातूचे अंग आले कोठून? त्यात कारागिरांचा वाटा मोठा. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनला हौशी यंत्रकारांचे एक प्रदर्शन भरले. उद्घाटनास ड्यूक ऑफ यॉर्क येऊ शकले नाहीत. तेव्हा कॅप्टन विल्यम रिचर्ड्स आणि ॲलन रेफेल या दोघांनी घडवलेला ॲल्युमिनियमचा माणूस उभा राहिला आणि त्याने भाषण केले. नाव ‘एरिक’. छातीवर अक्षरे होती, ‘आर. यू. आर.’

४/ एरिकच्या पोटात जादू नव्हती. विजेच्या मोटारी, अकरा विद्युतचुंबक आणि तारांचे जंजाळ, एवढाच तो संसार. तो उठे, बसे, मान वळवी, हात उचली. दातांतून निळ्या ठिणग्या पडत. मात्र पाय पेटीला बोल्टने जखडलेले असल्याने त्याला एक पाऊलही टाकता येत नसे. आवाज वायरलेसवरून येत असावा, असे मानले जाते.

५/ पुढे एरिक अमेरिकेपर्यंत फिरला आणि नाहीसा झाला. २०१६ साली लंडनच्या सायन्स म्युझियमने लोकवर्गणीतून त्याची प्रतिकृती करवून घेतली. शिल्पकार जाइल्स वॉकर यांच्या हाती मूळ यंत्राचा एकही भाग नव्हता. होती ती जुनी छायाचित्रे आणि थोडे कागद. घडवणारे हात गेले, की त्यांचे ज्ञानही असे निसटते.

६/ आता एरिकच्या दहा वर्षे आधीचे कोल्हापूर पाहा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले बंधू. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर आणला, चित्रपट दाखवत त्याचे तंत्र अभ्यासले आणि ठरवले, की कॅमेरा आपणच घडवायचा. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव निवर्तले.

७/ येथे मानवाकृती नव्हती, पण पेच तोच होता: धातूला माणसाच्या हातासारखे वागायला लावणे. कॅमेऱ्यातली एक नखी फिल्मच्या छिद्रात शिरते, फिल्म एक चौकट खाली ओढते, सोडून देते आणि पुन्हा वर जाते. चित्र उमटताना फिल्म निश्चल हवी, सरकताना झडप बंद हवी. हे सेकंदाला सुमारे सोळा वेळा घडायचे. केसभर चूक झाली, तरी चित्र थरथरणार!

८/ बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ साली तो कॅमेरा पुरा केला. १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. हेच दामले पुढे १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या ‘प्रभात’चे एक संस्थापक झाले.

९/ तर मित्रहो, कोडोलीत यंत्रमानव घडेल काय? अवश्य घडेल. एरिकला दोघे पुरले. कोल्हापूरच्या कॅमेऱ्याला भावाच्या मृत्यूनंतरही न सुटलेली जिद्द पुरली. मात्र घडवाल तेव्हा मापे वहीत उतरवा, आराखडा जपा, चुकलेला सांधाही नोंदवा. आणि गावात कोणी वृद्ध मेस्त्री असतील, तर त्यांच्यापाशी बसून त्यांचे काम आजच लिहून घ्या. यंत्र हरवले तर पुन्हा घडवता येते. न लिहिलेली कारागिरी मात्र कारागिराबरोबरच जाते.